सेलू–परभणी ये-जा करताना सोबत नेता येईल असा ग्राफिक डिझाइनचा लहान संगणक: जुळणी कशी करावी?

शाईरेघ

नमस्कार. मी सेलूला राहते आणि परभणीतील एका ऑफसेट प्रेससाठी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांचे अहवाल आणि निवडणुकीच्या काळात प्रचारपत्रके तयार करते. आठवड्यातील काही दिवस प्रेसमध्ये बसावे लागते, बाकीचे काम घरून होते, आणि मोठ्या फ्लेक्सचे काम आले की शेवटच्या दुरुस्त्यांसाठी नांदेडच्या छपाईवाल्यांकडेही जावे लागते. सध्या प्रेसमध्ये एक जुना डेस्कटॉप आणि घरी दुसरा अशी व्यवस्था आहे. त्यामुळे एका ठिकाणचा फाँट दुसऱ्या ठिकाणी सापडत नाही, पत्रिकेची सुधारलेली प्रत एकीकडे आणि मूळ प्रत दुसरीकडे राहते, आणि मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक (जे लावल्याखेरीज ते सॉफ्टवेअर चालत नाही) एकच असल्यामुळे ते पर्समध्ये घालून फिरवावे लागते.

आता दोन्ही डेस्कटॉप बाजूला ठेवून एकच लहान संगणक जुळवावा, मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस दोन्ही ठिकाणी कायमचे ठेवावेत आणि फक्त कॅबिनेट पाठीवरच्या बॅगेतून रेल्वेने न्यावे, असा विचार आहे. काम कोरल ड्रॉ, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर यांवर चालते. व्हिडिओचे काम मी करत नाही. लॉकवाले सॉफ्टवेअर विंडोजवरचे असल्यामुळे विंडोज सोडता येणार नाही. मॉनिटर वगळून पाऊण लाखाच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. किती लहान आकार घ्यावा, ग्राफिक कार्ड लागेल का, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात असा बंदिस्त डबा टिकेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

जालनेकर

ताई, एवढा खटाटोप करण्यापेक्षा चांगला लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेली तरी काम थांबत नाही, आणि रेल्वेत बसायला जागा मिळाली तर तिथेही पत्रिकेतील नावांच्या दुरुस्त्या करता येतात.

शाईरेघ

लॅपटॉपचा विचार आधी केला होता. या किमतीतील अनेक लॅपटॉपच्या पडद्यांची रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी अशी लिहिलेली असते, म्हणजे एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापातील रंगांपैकी साधारण दोनतृतीयांशच रंग दिसतात. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल ज्या पत्रिकेत शेजारीशेजारी असतात तिथे असा पडदा उपयोगाचा नाही. मॉनिटर तर माझ्याकडे दोन्ही ठिकाणी चांगले आहेत, मग लॅपटॉपच्या पडद्याचे, कीबोर्डचे आणि बॅटरीचे पैसे मी कशासाठी मोजावेत? शिवाय अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. आणि सेलू ते परभणी पॅसेंजरमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना तिथे मांडीवर लॅपटॉप उघडण्याची कल्पना कितपत व्यवहार्य आहे ते ठाऊक असेलच.

गोदाकाठ

शाईरेघ ताईंची गरज नेमकी आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. लहान संगणकांच्या जगात आकार लिटरमध्ये मोजतात, म्हणजे कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. आपल्या गल्लीतील दुकानात मिळणारे नेहमीचे टॉवर कॅबिनेट ४० लिटरच्या आसपास भरते. तुमच्या कामासाठी मला तीन वाटा दिसतात.

सर्वांत लहान वाट म्हणजे एएसरॉकच्या डेस्कमिनीसारखी अर्धवट तयार पेटी. तिचा आकार १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, म्हणजे दोन लिटरहून किंचित कमी. तिच्या एक्स६०० या आवृत्तीत एएम५ सॉकेटचा (एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या बैठकीचा) ६५ वॅटपर्यंतचा प्रोसेसर बसतो, लॅपटॉपची डीडीआर५ रॅम लागते, आणि वीज १९ व्होल्टच्या, १२० वॅटच्या बाहेरच्या अडॅप्टरमधून येते. पर्समध्ये मावणार नाही, पण मुलांच्या दप्तरात सहज मावेल. अडचण अशी की आतला मदरबोर्ड त्या पेटीपुरताच बनवलेला असतो. तो गेला की बाजारातील दुसरा कोणताही बोर्ड तिथे चालत नाही आणि कंपनीच्या सेवा केंद्राची वाट पाहण्याखेरीज हाती काही राहत नाही.

दुसरी वाट मिनी-आयटीएक्स मदरबोर्डची. हा बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो, व्हिया या कंपनीने २००१ मध्ये हे माप आणले आणि आज बहुतेक सर्व बोर्ड कंपन्या या मापाचा बोर्ड बनवतात. त्यासाठी ७ लिटरपासून २० लिटरपर्यंतची कॅबिनेट मिळतात: फ्रॅक्टल टेरा १०.४ लिटर, लियान लीचे ए४-एच२ओ ११ लिटर, कूलर मास्टरचे एनआर२०० सव्वाअठरा लिटर. यातील शेवटचे जुळणीला सर्वांत सोपे असले तरी रोज पाठीवर घेण्यासारखे नाही. बहुतेकांत एसएफएक्स मापाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) लागतो, तो १२५ मिलिमीटर रुंद, १०० लांब आणि ६३.५ उंच असतो. त्याहून चिंचोळा फ्लेक्स-एटीएक्स एसएमपीएसही मिळतो, परंतु त्याचा चाळीस मिलिमीटरचा पंखा इतका कर्कश वाजतो की शेजारी बसून प्रूफ वाचणे अशक्य होते.

तिसरी वाट त्याहून मोठ्या मायक्रो-एटीएक्स बोर्डाची. हा बोर्ड परभणीतल्या कोणत्याही दुकानात मिळतो, दुरुस्तीही तिथेच होते, पण कॅबिनेट एवढे मोठे होते की मग ‘सोबत नेणे’ हा शब्दप्रयोगच सोडून द्यावा लागेल.

माझ्या मते आकार ठरवताना लिटरपेक्षा वेगळा प्रश्न विचारावा. एप्रिल-मे महिन्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, सकाळी संगणक बंद पडला तर संध्याकाळपर्यंत तो कसा चालू होणार? डेस्कमिनीचे उत्तर ‘होणार नाही’ असे आहे. मिनी-आयटीएक्सचे उत्तर ‘बोर्ड सोडून बाकी बहुतेक भाग त्याच दिवशी मिळतील, आणि बोर्डच गेला तर प्रोसेसर, रॅम आणि डिस्क काढून तात्पुरत्या मायक्रो-एटीएक्स बोर्डावर टेबलावरच काम चालवता येईल’ असे आहे. माझा कौल दुसऱ्या वाटेला.

फ्लेक्सवाला_लातूर

कॅबिनेटवर चर्चा होत आहे, पण फाइल किती मोठ्या असतात ते आधी मांडले पाहिजे, कारण रॅम त्यावरून ठरते. हिशेब सोपा आहे. ए-फोर आकाराची पत्रिका ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेलची होते. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक सपाट थर साधारण ३५ एमबीचा. अशा फाइलसाठी कोणताही आजचा संगणक पुरतो.

आता २० बाय १० फुटांचा फ्लेक्स घ्या. १०० डीपीआयला तो २४,००० बाय १२,००० पिक्सेल, म्हणजे २८.८ कोटी पिक्सेल, आणि एकेक भरलेला थर सव्वाअकराशे एमबीच्या पुढे. नेत्यांचे फोटो, मागचा किल्ला, वरचा झेंडा, सावल्या, असे आठ-दहा थर झाले की १६ जीबी रॅम कधी संपली ते कळतही नाही, आणि फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागते. ७२ डीपीआयला तोच थर ६०० एमबीपर्यंत उतरतो. रस्त्यावरून पाहायच्या फ्लेक्सला ७२ पुरते, तरी आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत ३०० डीपीआयचा आग्रह धरणारे असतात. त्या आकाराला ३०० डीपीआय म्हणजे ७२,००० पिक्सेल रुंदी, आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही, तिथे पीएसबी हा मोठ्या फाइलींचा प्रकार लागतो. असा आग्रह धरणाऱ्याने संगणकावर कितीही पैसे घातले तरी तो रडतच राहणार.

तात्पर्य, ३२ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. मिनी-आयटीएक्स बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात, म्हणून १६-१६ जीबीची जोडी आत्ता घेतली तर पुढे वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील, हे लक्षात ठेवा. फोटोशॉपच्या स्क्रॅचसाठी, म्हणजे रॅम संपल्यावर तो तात्पुरते लिहितो त्या जागेसाठी, वेगळी एनव्हीएमई (वेगवान) डिस्क ठेवता आली तर उत्तम. हिस्टरीच्या पायऱ्या मुळात ५० असतात, त्या २० वर आणल्या तरी मोठ्या फाइलवर फरक जाणवतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

त्रिमिती

ग्राफिक कार्डाचा मुद्दा राहिला. डिझाइनचे काम आणि वेगळे ग्राफिक कार्ड नाही, हे मला पटत नाही. फोटोशॉपमधील न्यूरल फिल्टर, कॅमेरा रॉमधील नॉइज काढण्याची सोय, कॅनव्हास फिरवणे, या सर्व गोष्टी कार्डाचा आधार घेतात. एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०५० हे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटवर चालते, त्यामुळे त्याला एसएमपीएसची वेगळी वायर बहुधा लागत नाही. स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये ते भागते. लहान डब्यासाठी याहून सोयीचे काय असणार?

गोदाकाठ

त्रिमिती, कार्ड चांगलेच आहे, पण कोणासाठी? तुम्ही थ्रीडी करता, रेंडर लावून झोपायला जाता, तुमचा प्रत्येक रुपया कार्डात वसूल होतो. पत्रिका आणि प्रचारपत्रकांच्या कामात कोरल ड्रॉ आणि इलस्ट्रेटर यांचा वेग प्रामुख्याने प्रोसेसरच्या एका कोअरच्या गतीवर अवलंबून असतो. फोटोशॉपलाही आधी रॅम आणि डिस्क हवी असते. कार्डाची गरज ठरावीक फिल्टरपुरती. रायझन ५ ८६००जी या प्रोसेसरमध्ये रेडिऑन ७६०एम हे अंगभूत ग्राफिक आठ कॉम्प्युट युनिटचे आहे आणि ते या कामाला पुरेसे आहे. रायझन ७६०० घेऊ नका, कारण त्यातील अंगभूत ग्राफिक दोनच युनिटचे आहे, केवळ पडदा दिसण्यापुरते. मात्र अंगभूत ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेते, त्यामुळे रॅमच्या दोन्ही खाचा भरलेल्या असाव्यात. एकच कांडी लावली तर त्याचा वेग लंगडा होतो.

मिनी-आयटीएक्स बोर्डावर ग्राफिक कार्डाची खाच असतेच. ती आज रिकामी ठेवावी, गरज पडली तर पुढच्या हंगामात कार्ड घ्यावे. डेस्कमिनीत ही मुभा नाही.

त्रिमिती

खाच रिकामी ठेवण्याची अट असेल तर माझी हरकत नाही. फक्त एक सूचना: काही सपाट कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डाच्या पाठीमागे बसते आणि मध्ये दोघांना जोडणारी रायझर वायर असते. ती वायर जुन्या जनरेशनची आणि कार्ड नव्या जनरेशनचे असेल तर पडदा काळाच राहू शकतो; तेव्हा बायॉसमध्ये (संगणक चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) पीसीआयई, म्हणजे कार्डाच्या खाचेसाठी, जनरेशन ३ निवडावे. आणि पुढे कार्ड घेतलेच तर प्रवासात ते काढून वेगळे न्यावे किंवा त्याला आतून आधार द्यावा.

ओहमचा_नियम

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे उष्णता आणि वीज या दोन विषयांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे लहान संगणकाचा खरा कस इथेच लागतो.

आधी उष्णता. प्रोसेसरचे तापमान मोजताना खोलीच्या तापमानावर किती अंश चढले हे पाहायचे असते. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) तोच, पंखा तोच आणि वॅट तेवढेच असतील तर ही चढण साधारण तेवढीच राहते. परदेशी परीक्षणे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. समजा २३ अंशांच्या खोलीत एखादा बुटका हीटसिंक प्रोसेसर ७५ अंशांवर ठेवतो, तर चढण ५२ अंशांची झाली. तोच डबा परभणीत मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ठेवला तर ९४ अंश होतात, आणि ८६००जीची मर्यादा ९५ आहे. म्हणजे संगणक जळणार नाही, पण मर्यादा ओलांडू नये म्हणून स्वतःच वेग कमी करत राहील आणि पंखा सतत किंचाळत राहील.

यावर उपाय मोठा हीटसिंक हा नव्हे, कारण त्याला जागाच नाही. उपाय आहे वॅट कमी करणे. ६५ वॅट हा खोक्यावरचा आकडा आहे. एएम५ सॉकेटवर असा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो. बायॉसमध्ये इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवण्याची सोय, ४५ वॅटवर ठेवला तर प्रत्यक्ष मर्यादा ६१ वॅटवर येते. वरच्याच उदाहरणात चढण ५२ वरून ३६ अंशांवर उतरेल आणि त्याच मेच्या दुपारी प्रोसेसर ७८ च्या जवळ राहील. सर्व कोअर एकदम वापरणाऱ्या कामात वेग थोडा घटेल, परंतु कोरल ड्रॉसारख्या एका कोअरवर चालणाऱ्या कामात तुम्हाला फरक जाणवणारही नाही, कारण एका कोअरला एवढे वॅट लागतच नाहीत. मार्च ते जून इको मोड आणि पावसाळा लागल्यावर पूर्ण वेग, अशी रीत ठेवली तरी चालेल.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याने खोली थंड होते, त्याचा संगणकालाही लाभ होतो, पण त्याचा थेट झोत कॅबिनेटवर घेऊ नये. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत गेले तर पांढरे डाग धरतात.

आता वीज. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरले तरी त्याला फिकीर नसते. त्याला फिकीर असते ती वीज पूर्ण जाण्याची. वीज गेल्यानंतर आतल्या कॅपॅसिटरच्या जोरावर तो साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला पाहिजे. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे बहुधा एक लहान खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल लिहिलेले असते. खटका यूपीएसकडे असेल तर बदल झटकन होतो. दुसरीकडे असेल तर पंखे-दिव्यांना कळत नाही पण संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो. मग सरसकट यूपीएसकडेच का ठेवू नये? कारण यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. सेलूसारख्या ठिकाणी रोज संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर वीज असूनही तुमची बॅटरी रिकामी होत राहील. अशा घरी खटका नॉर्मलवर ठेवावा आणि संगणकापुरता लहान यूपीएस वेगळा घ्यावा. वेगळे कार्ड नसलेला हा संगणक आणि एक मॉनिटर मिळून भर कामातही दीडशे वॅटच्या आसपास राहतात, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करण्याइतका वेळ देतो. इन्व्हर्टर नवा घ्यायचा असल्यास साइन वेव्हचाच घ्यावा.

बालाघाट

बीडहून लिहितो. एक स्वस्त पर्याय अजून कोणी मांडला नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो आणि एचपीचे मिनी हे जेमतेम लिटरभराचे संगणक नूतनीकरण करून विकले जातात. मी असाच एक वापरतो. ३५ वॅटचा प्रोसेसर असल्यामुळे उन्हाळ्यातही शांत असतो, मॉनिटरच्या पाठीमागे पट्टीवर बसतो, आणि शैक्षणिक संस्थांची प्रमाणपत्रे, पावत्या, पत्रिका यांचे काम व्यवस्थित चालते. घेताना मात्र डोळ्यांत तेल घालावे. मला पहिल्यांदा एका विक्रेत्याने सांगितलेल्यापेक्षा जुन्या पिढीचा प्रोसेसर आणि निम्मी रॅम पाठवली होती आणि परत घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. हाती आल्यावर आधी बायॉस उघडून प्रोसेसरचे नाव आणि रॅम पाहावी, विंडोज नंतर.

ताईंसाठी हा मुख्य संगणक म्हणून सुचवत नाही. प्रेसमध्ये राखीव म्हणून ठेवायला योग्य आहे.

फ्लेक्सवाला_लातूर

बालाघाट यांचा राखीव संगणकाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकच यंत्र पाठीवर घेऊन फिरायचे म्हटले की चोरी, पडणे आणि पावसात भिजणे हे तिन्ही धोके एकाच वस्तूवर येतात. प्रेसमधला जुना डेस्कटॉप विकू नका. त्यात एक मोठी हार्डडिस्क टाका आणि पोहोचल्यावर चालू कामाचे फोल्डर नेटवर्कवरून तिच्यावर आपोआप उतरेल अशी सोय करा.

देवगिरी_एक्स्प्रेस

खरेदीविषयी. मिनी-आयटीएक्स बोर्ड, एसएफएक्स एसएमपीएस आणि लहान कॅबिनेट परभणी-नांदेडच्या दुकानांत मागवून मिळतात, समोर ठेवलेली क्वचितच दिसतात. नांदेडकर बरेचदा सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटर या संगणकांच्या बाजारात जातात, रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत येता येते. मुंबईकडे जाणे असेल तर लॅमिंग्टन रोड आहेच. जायच्या आधी फोनवर माल आहे का ते विचारून घ्यावे, कारण मिनी-आयटीएक्सचा साठा तिथेही मर्यादित असतो.

बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी भागाची असते आणि अनुक्रमांक नसलेले बिल सेवा केंद्रात कोणी विचारत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, म्हणून अंदाजपत्रकात आधी रॅम आणि प्रोसेसर धरावेत, आणि कॅबिनेट उरलेल्या पैशांतून घ्यावे. लाकडी पट्टीचे देखणे कॅबिनेट पाहून मन चळते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

काचेची बाजू असलेले कॅबिनेट घेऊ नये, एवढे मात्र आग्रहाने सांगेन. रेल्वेच्या दारातल्या गर्दीत काच टिकत नाही.

शाईरेघ

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेनंतर मी मिनी-आयटीएक्सची वाट घेतली: रायझन ५ ८६००जी, बी६५० चिपसेटचा बोर्ड, १६-१६ जीबीची डीडीआर५ जोडी, दोन एनव्हीएमई डिस्क (एक विंडोज आणि कामासाठी, दुसरी स्क्रॅचसाठी), ४७ मिलिमीटर उंचीचा बुटका हीटसिंक, आणि जाळीदार बाजूंचे दहा लिटरच्या आतले धातूचे कॅबिनेट. ग्राफिक कार्डाची खाच रिकामी आहे. जुळणी नांदेडला करून घेतली. वजन रोजच्या बॅगेत पेलवते, आणि बसायला जागा मिळाली नाही तर बॅग पुढे छातीवर घेते.

दोन निरीक्षणे नोंदवते, कारण ती वरच्या चर्चेत आली नव्हती. ऑफसेट मशीनवर ओल्या कागदांची शाई एकमेकांना लागू नये म्हणून स्प्रे पावडर उडवतात. तिचा पिठासारखा थर प्रेसमधल्या प्रत्येक वस्तूवर बसतो, आणि कॅबिनेटच्या जाळीवर तर तो नेहमीच्या धुळीपेक्षा लवकर धरतो. बोट फिरवले की पांढरी लोकरीसारखी पट्टी निघते. आता प्रेसमध्ये संगणक मशीनच्या खोलीत न ठेवता काचेच्या दाराआड हिशेबाच्या टेबलावर ठेवते आणि जाळी आठवड्याला मऊ ब्रशने झाडते. ब्लोअर मारताना आतला पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो, असे जुळणी करणाऱ्यांनी बजावले आहे.

दुसरे म्हणजे रंग. दोन्ही मॉनिटर एकाच यंत्राने मोजून ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि १२० कँडेला प्रति चौरस मीटर या मापांवर आणले. विंडोज प्रत्येक मॉनिटर ओळखून त्याची प्रोफाइल (या मोजणीतून तयार झालेली रंगांची फाइल) आपोआप लावते, म्हणून संगणक एकच असण्याचा हा मोठा फायदा झाला. मॉनिटर बदलल्यावर मी फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडते, म्हणजे नवी प्रोफाइल नक्की लागते. घरी पाहिलेला आंब्याच्या पानाचा हिरवा आता प्रेसमध्येही तोच दिसतो, आणि प्रूफवरून होणारी वादावादी बरीच कमी झाली आहे.

ओहमचा_नियम

तापमान कसे राहते ते उन्हाळ्यात अवश्य कळवा. इको मोड लावला का?

शाईरेघ

लावला, सर. एप्रिलच्या दुपारी घरी पत्र्याखालच्या खोलीत मोठा फ्लेक्स उघडून काम केले तेव्हा प्रोसेसर ऐंशीच्या आगेमागे होता आणि पंख्याचा आवाज छताच्या पंख्यात मिसळून गेला. पूर्ण वेगावर ठेवून पाहिले तेव्हा तो नव्वदीच्या पुढे गेला, कामाचा वेग मात्र मला वेगळा जाणवला नाही. इन्व्हर्टरचा खटकाही पाहिला. तो नॉर्मलवरच होता, तसाच ठेवून वेगळा यूपीएस घेतला.

जालनेकर

ताई, लॅपटॉपचा हट्ट मी मागे घेतो. पण ते यूएसबी लॉक? डब्याला बाहेर लटकत असेल तर गर्दीत एक दिवस मोडणार, आणि नवे लॉक मिळवणे हे संगणक जुळवण्यापेक्षा अवघड काम आहे.

शाईरेघ

तो प्रश्न सुटला आहे. बोर्डावर पुढच्या यूएसबीसाठी जी नऊ पिनांची जागा असते, तिच्यावर लावायची एक लहान वायर मिळते. तिच्या दुसऱ्या टोकाला नेहमीचे यूएसबी तोंड असते. लॉक त्या तोंडात घालून कॅबिनेटच्या आत, रिकाम्या ग्राफिक कार्डाच्या जागेत दुहेरी चिकटपट्टीने बसवले आहे. पुढे त्रिमिती यांचे ऐकून कार्ड घेतले तर लॉकसाठी दुसरी जागा शोधावी लागेल. वायफायचे अँटेनेही प्रवासात स्क्रू फिरवून काढते आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवते. वायर घेताना ती यूएसबी २.० चीच मागावी, ३.० ची जागा वेगळ्या आकाराची, १९ पिनांची असते आणि ती वायर तिथे बसत नाही.